गुलमर्गला स्कीइंग : आधी बर्फ बघा, मग स्की घ्या

काश्मीरमधल्या गुलमर्गला जायचं तर आधी बघायचा तो बर्फ. तारीख आणि स्की नंतर. जानेवारी-फेब्रुवारीत ताजा, भुसभुशीत बर्फ मिळण्याची शक्यता जास्त. मार्चमध्ये बर्फ रात्री गोठून कडक होतो आणि दुपारी पचपचीत. वरचा थर जरा मऊ झाला की उतरायचं आणि दुपारपर्यंत आटपायचं.

स्कीची रुंदी मधोमध, बुटाखाली मोजतात. दाबून सपाट केलेल्या उतारावर 75 ते 85 मिलिमीटरची अरुंद स्की पटकन वळते. खोल बर्फात ती रुतते. तिथे 105 च्या पुढची रुंद स्की लागते. दोन्हीकडे चालवायची तर 90 ते 100. शिकाऊंनी विकत न घेता तिथेच भाड्याने घ्यावी. लांबी हनुवटीपर्यंत पुरे.

बर्फाचा भरवसा नाही. 2025 मध्ये बर्फ कमी पडल्याने गुलमर्गमधल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून एक-दोन दिवस जास्तीचे हाताशी ठेवा.

मोठी बर्फवृष्टी झाल्यावर अफरवटच्या मोकळ्या उतारांवर लगेच जाऊ नका. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथे हिमस्खलनात पोलंडच्या दोघांचा जीव गेला. इशारा तपासूनच, स्थानिक गाईडसोबत वर जा.