हातून येईल ते

तुर्कीत कुणाला काम सांगितलं, की उत्तर येतं, ‘एलिमदेन गेलेनी यापारम.’ शब्द सुटे करून पाहा: ‘एल’ म्हणजे हात, ‘एलिमदेन’ माझ्या हातातून, ‘गेलेनी’ जे येईल ते, ‘यापारम’ करीन. आपलं ‘माझ्या हातून होईल तेवढं’च की! फक्त तिथे काम हातून ‘येतं’, आपल्याकडे ‘होतं’.

‘चालश्माक’ या क्रियापदाची गंमत निराळी. काम करणं, अभ्यास करणं आणि प्रयत्न करणं, तिन्हींना हाच शब्द. त्यामुळे ‘यायचा प्रयत्न करतो’ म्हणतानाही तुर्क माणूस घाम गाळल्यासारखा वाटतो.

आणि ‘बाकारझ’? ‘बाकमाक’ म्हणजे बघणं. म्हणजे सरळ आपलं ‘बघू’. हे ऐकलं, की मी तरी दुसरा माणूस शोधायला लागतो.