उद्यापनानंतरची मंगळागौर

मंगळागौर लग्नानंतरची पहिली पाच वर्षं पुजायची. पाचव्या वर्षी उद्यापन झालं, आईला वाण दिलं, की नव्या नवरीचे खेळ संपले. हा नियम मला लहानपणापासून तोंडपाठ होता, पण तो बाईच्या आयुष्यात नेमका कुठे येऊन थांबतो हे दोन मुलं झाल्यावर समजलं. कडेवर मूल येतं आणि साधारण त्याच सुमाराला नाचायचं, घुमायचं, घामाघूम व्हायचं हक्काचं निमित्त हातून जातं. ज्या वयात अंगात ताकद हवी, कंबर आणि पाठ धड हवी, तिथेच रिवाज हात आखडता घेतो.

मी मुलुंड पूर्वेला राहते. मोठी सहा वर्षांची, धाकटा तीनचा. आषाढ लागला की आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळागौरीच्या खेळांचा सराव सुरू होतो आणि त्या दिवसांत माझं अंग जितकं हलकं होतं तितकं एरवी होत नाही. यात नवल काही नाही, कारण हे खेळ म्हणजे पुरता व्यायाम आहे. साधी फुगडीच घ्या. चवडे जुळवायचे, हातांची अढी घालून समोरचीचे हात घट्ट धरायचे आणि अंग मागे झोकून द्यायचं. दंड, पोटऱ्या, कंबर एकदम कामाला लागतात. बसफुगडीत उकिडवं बसून एकेक पाय पुढे टाकत उड्या मारायच्या. कोंबडा घालताना मांड्या अशा भरून येतात की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आठवण होते. झिम्म्यात टाळी आणि पाऊल यांचा मेळ घालावा लागतो, पिंग्यात कंबर सैल सुटते. श्रावणातल्या मंगळवारी वशेळ्यांना, म्हणजे बरोबर पूजणाऱ्या नव्या नवऱ्यांना, जमवून रात्रभर हे चालायचं. सासरच्या घरात मोठ्यांदा गाणं म्हणायला, उड्या मारायला मुभा असलेली ती रात्र.

हे खेळ खेळणाऱ्या पूर्वीच्या नवऱ्या किती लहान होत्या, हेही ध्यानात घ्यायला हवं. 1891च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचं वय दहावरून बारावर नेलं, तेव्हा पुण्या-मुंबईत केवढं वादळ उठलं. 1929च्या सारडा कायद्याने लग्नासाठी मुलीचं वय चौदा ठरवलं. म्हणजे मंगळागौरीची पाच वर्षं ही खरं तर तिची खेळायचीच वर्षं होती. पुढे बाळंतपणाला माहेरी जायचं, सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. ही विश्रांती शहाणपणाची होती. पण सव्वा महिन्यानंतर सासरी वाट पाहत असे ते काम: पहाटेचं जातं, पाण्याच्या खेपा, पाटा-वरवंटा.

पूर्वीच्या बायकांना वेगळ्या व्यायामाची गरजच नव्हती, कामातच व्हायचा, असं आजही ऐकू येतं. मला ते मान्य नाही. जात्यावरचं दळण खांदे भरून आणतं, पण वाकलेल्या पाठीला सरळ करत नाही. कष्टात अंग झिजतं, व्यायामात ते घडतं. आणि बाळंतपणाने सैल झालेल्या शरीराला घडवायचं कसं, याचा विचार कुणीतरी मांडून करावा लागतो.

तो विचार आपल्या उपनगराशी जोडलेला आहे, याचा मला अभिमान वाटतो. 25 डिसेंबर 1918 रोजी अंधेरीजवळ वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात श्रीयोगेंद्रांनी योग इन्स्टिट्यूट सुरू केली. मूळचे मणिभाई देसाई. तरुणपणी कुस्ती खेळलेले, मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकलेले. योग गुहेतल्या संन्याशाकडून संसारी माणसाच्या घरात आणायचा हा त्यांचा ध्यास होता. पण संसारी माणूस म्हटला की डोळ्यांपुढे पुरुषच यायचा. ती चौकट मोडली त्यांच्या पत्नी सीतादेवी योगेंद्र यांनी. 1929 साली त्यांचा मुलगा जयदेव जन्मला आणि 1934 साली स्त्रियांच्या योगशिक्षणावर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. बाईने बायकांसाठी योगावर लिहिलेलं हे पहिलं पुस्तक मानतात. ते आलं तेव्हा लेखिकेच्या घरात जेमतेम पाच वर्षांचं मूल होतं. पुढे 1948 साली संस्था सांताक्रूझला स्थिरावली आणि आजही तिथेच आहे.

त्याच काळात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रचार करत होते. 1928 साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. संस्थानातल्या शाळांत मुलांबरोबर मुलीही नमस्कार घालत आणि राजवाड्यात लेकुरवाळ्या राणीसाहेबही. सूर्यनमस्काराला जागा लागते ती सतरंजीएवढी. मूल झोपलेलं असताना त्याच खोलीत घालता येईल असा हा व्यायाम आहे.

मग तो घरोघर का टिकला नाही? उत्तर उपनगरांच्या वाढीत सापडतं. 5 जानेवारी 1928ला कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावली आणि लांब राहून शहरात नोकरी करणं सोपं झालं. 1950 साली अंधेरी, घाटकोपर आणि 1957 साली बोरिवली, मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलं. वाड्यातलं, चाळीतलं माणूस ब्लॉकमध्ये राहायला आलं. नळ, गॅस, मिक्सर आले; कष्ट कमी झाले. पण मूल धरणारे हातही कमी झाले. नवरा सकाळच्या लोकलने गेला की दिवेलागणीनंतर परत. चाळीत शेजारीण पोराला पाहायची, ब्लॉकचं दार मात्र बंद. अशा घरात बाईला पाऊण तास मिळणार कुठून?

त्यामुळे मुंबईतल्या आयांच्या व्यायामाचा इतिहास लिहायचा तर मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचंही नाव घ्यावंसं वाटतं. 1945 साली बोर्डीला त्यांनी बालवाडीचं काम उभं केलं ते मुलांसाठी. पण गावोगावी, गल्लोगल्ली बालवाड्या झाल्या तेव्हा आईच्याही वाट्याला दोन-अडीच तास आले. आजही आमच्याकडे बालवाडीची घंटा झाली की बागेत झपझप चालणाऱ्या बायका दिसतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही मुलांना शाळेत सोडून थेट चालायला आलेल्या आया भेटतात.

उपनगरांनीच मंगळागौरीचा नियमही बदलून टाकला. गेल्या काही वर्षांत मुलुंड, बोरिवली, ठाणे, डोंबिवली इथे खेळांचे गट उभे राहिले. नऊवारी नेसून तिशीपासून साठीपर्यंतच्या बायका रंगमंचावर फुगड्या घालतात, स्पर्धा जिंकतात. उद्यापन कधीच झालेल्या या बायका. आमच्या गटात तान्ह्या आणि शाळकरी मुलांच्या सहा आया आहेत. हॉलच्या एका कोपऱ्यात सतरंजी घालतो, तिथे मुलं बसतात आणि प्रत्येक वेळी एकीची मुलांपाशी थांबायची पाळी असते. जिची पाळी असते ती खेळत नाही. रंगपेट्या मांडते, कुणाला शूला नेते, रडणाऱ्याला खांद्यावर घेऊन गाणं मात्र आमच्याबरोबर म्हणते. माझ्या सासूबाईही आपणहून पाळी घेतात. ‘तू घाल गं फुगडी, मी आहे,’ एवढं त्या म्हणाल्या की माझे पाय हलतात.

पहिल्या पाच वर्षांच्या नवरीला रिवाजाने रात्र दिली आणि मैत्रिणी दिल्या. लेकुरवाळीला त्याने सव्वा महिन्याच्या विश्रांतीपलीकडे काहीच दिलं नाही. तिला जे मिळालं ते सीतादेवींसारखीने लिहून, ताराबाईंसारखीने शाळा काढून आणि शेजारणींनी पाळ्या लावून मिळालं. ‘मनात असलं की वेळ मिळतो’ हा उपदेश म्हणूनच मला खोटा वाटतो. मन प्रत्येकीत असतं, उणीव असते ती मूल सांभाळणाऱ्या माणसाची. अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल असो की मुलुंडचा कालिदासचा तरणतलाव, जिथे जिथे महिलांची वेळ राखून ठेवतात तिथे शेजारी मुलांसाठी एक खोली आणि एक ताई महापालिकेने द्यावी. आणि घरी बाबांनी रोजचा पाऊण तास मुलाला स्वतःकडे घ्यावा, आईवर उपकार म्हणून नव्हे, आपली पाळी म्हणून.