घास का उतरत नाही?

तेल्हाऱ्याला माझी मावशी राहत असे. तिची थोरली लेक माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. १९८२ च्या पावसाळ्यात तिने सोळा सोमवार धरले. मग चतुर्थ्या, मग एकादश्या. घरात कौतुकच झाले. दिवाळीपर्यंत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, तेव्हा मावशी म्हणाली, ‘पोरीले नजर लागली.’ ताट समोर आले की ती एवढेच म्हणे, ‘माहा जीव घाबरते.’ काका रागावत, मावशी विनवण्या करी. अंगारे झाले, काढे झाले, सलाइनही लागले. भीती कशाची, हे मात्र कोणी विचारले नाही. मीही नाही. या लेखाचे मूळ त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

हा आजार आजकालचा, शहरी, श्रीमंताघरचा, असे सर्रास बोलले जाते. जुने ग्रंथ वेगळे सांगतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २६ व्या अध्यायात ‘अरोचक’ आहे. त्याचा एक प्रकार शोक, भय, लोभ, क्रोध यांतून होतो. माधवनिदानाची नोंद तर फारच बारीक आहे: इतर प्रकारांत तोंडाची चव बिघडते, या प्रकारात चव शाबूत असते, तरी अन्न नकोसे होते. चरकाच्या उपचारांत मनाला रुचेल असे अन्न आहे, तसेच रुग्णाला प्रसन्न करणे आणि धीर देणेही आहे. अरोचक म्हणजे आजचा ‘ॲनोरेक्सिया’ नव्हे, हे खरे. पण भयाने भूक जाते आणि आश्वासन हे औषध असते, एवढे आपल्याकडे माहीत होते. ‘अन्नावरची वासना उडाली’, ‘घास उतरत नाही’ हे आपले रोजचे बोलणेही तेच सांगते.

युरोपात १८७३ साली लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी स्वतंत्रपणे या आजाराचे वर्णन केले. लासेग यांनी घराकडेही पाहिले. घरचे लोक आधी विनवतात, मग धमकावतात, आणि दोन्हींनी रुग्णाचा हट्ट वाढतो, असे त्यांना दिसले. हे वाचताना मला तेल्हाऱ्याचे स्वयंपाकघर आठवले. गल यांना तर नातेवाईक शुश्रूषेला अयोग्यच वाटत.

पुढचा टप्पा १९४४-४५ चा. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते चिडचिडे, खिन्न झाले; अन्नाखेरीज त्यांना काही सुचेना. म्हणजे भीतीने उपास घडतो, तसा उपासानेही मनाचा तोल जातो. म्हणून नुसते समजावून भागत नाही. आधी शरीर सावरावे लागते, वजन, नाडी, रक्त तपासावे लागते.

मनाचा उपचार १९५५ नंतर पालटला. अल्बर्ट एलिस यांनी भीतीमागचा विचार तपासायला शिकवले. ती विवेकनिष्ठ पद्धत मुंबईच्या कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. ‘ही पोळी खाल्ली तर अनर्थ होईल’ हा विचार कागदावर मांडायचा, मग कमी भीतीच्या पदार्थापासून सुरुवात करून पायरीपायरीने ताटापर्यंत यायचे, अशी ही वाट. १९८७ मध्ये लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील चाचणीने आणखी एक गोष्ट दाखवली: आजार नवा असलेल्या कोवळ्या मुलामुलींत कुटुंबाला सोबत घेऊन केलेले उपचार अधिक लागू पडतात. गल यांनी ज्यांना दूर सारले, तेच घरचे लोक शेवटी उपचारात परत आले.

माझी बहीण वाचली. पण आज साठी ओलांडल्यावरही ती सगळ्यांच्या शेवटी, एकटीच जेवते. गेल्या वर्षी तिच्या चौदा वर्षांच्या नातीने ताट सरकवायला सुरुवात केली. घरात पुन्हा विनवण्या, पुन्हा धाक. तेव्हा बहीणच तिच्याशेजारी पाट टाकून बसली आणि म्हणाली, ‘कायचं भेव वाटते तुले? मले सांग.’ त्याच आठवड्यात १४४१६ या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर फोन झाला, मग अकोल्याच्या डॉक्टरांकडे वाऱ्या सुरू झाल्या. नात अजून पुरती बरी नाही. पण आता त्या दोघी एका वेळी जेवायला बसतात.