शेजारचे मूल आणि मराठी बालपुस्तक

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास सांगणारे बहुधा पुण्यामुंबईच्या छापखान्यांपासून आरंभ करितात. आम्ही तो आज सोलापुराहून पाहू इच्छितो, व त्यास कारण आहे. येथे लिंगायत घरांत कानडी, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू, मुसलमान मोहल्ल्यांत उर्दू आणि या सर्वांच्या बाजारात मराठी, असा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. या चारही भाषांच्या शाळा या एका नगरात आहेत. अशा गावच्या मुलास मराठी गोष्टीच्या पुस्तकात आपला शेजारी भेटतो काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

प्रथम आपल्या वाङ्मयाच्या औदार्याची साक्ष काढू. मराठी बालपुस्तकाचा जन्मच मुळी परक्या अंगणात झाला. तंजावरच्या सरफोजीराजांनी सख्खन पंडितांकडून इसापच्या गोष्टी मराठीत करवून १८०६ साली ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने छापविल्या; म्हणजे ग्रीकांच्या कथा, तमिळ मुलखात, मराठी बालकांसाठी! १८२८ साली मुंबईस सदाशिव काशीनाथ छत्रे यांचा ‘बाळमित्र’ निघाला. तो मूळचा बर्केन नामक फ्रेंच ग्रंथकाराचा, इंग्रजीच्या वाटेने आलेला. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी कथांना मराठी घरांचे दार उघडून दिले. विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ १८८१ साली आणि वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ १९०६ साली सुरू झाले, तोवर दूरदेशीची माणसे मराठी मुलांच्या चांगली ओळखीची झाली होती.

समुद्र ओलांडणाऱ्या या पुस्तकास गल्ली मात्र ओलांडता आली नाही. बगदादचा खलिफा मराठी मुलास ठाऊक होता. परंतु शेजारचा मोमीन विणकर ईदच्या दिवशी काय करितो, हे त्यास पुस्तकातून क्वचितच कळे. यात कोणाचा दुष्टावा होता असे आम्हांस वाटत नाही. पुस्तके लिहिणारा वर्ग लहान, बहुतांशी एकाच थरातला, आणि त्याचा वाचकही त्याच्याच घरासारख्या घरात वाढलेला. शिवाय परदेशच्या कथेत एक सोय असते. तिच्यातील माणसे कितीही निराळी असोत, त्यांच्याशी पाण्याचा, पंक्तीचा वा सोयरिकीचा प्रश्न उद्भवत नाही. शेजाऱ्याची गोष्ट लिहू जाता हे सारे प्रश्न पहिल्या पानावरच उभे राहतात.

ते प्रश्न सोलापूर जिल्ह्यातच एकदा उघडपणे उभे राहिले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण आरंभिले आणि मंदिर खुले झाले. हेच गुरुजी मुलांचे लेखक. तुरुंगात तमिळ शिकून त्यांनी ‘कुरल’ मराठीत आणले, आणि प्रांतोप्रांतीच्या भाषा एकमेकींस कळाव्या म्हणून ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. त्यांचा श्यामही कोकणातल्या एका ब्राह्मण घरातलाच, हे आम्ही विसरत नाही. पण त्या घराची खिडकी बाहेर उघडत होती.

व्यवहारात मात्र ही गोष्ट अधिक सहजपणे साधली ती एका मासिकाने. मद्रासेस नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत ‘चंदामामा’ काढले. १९४९ मध्ये ते कानडीत आणि १९५२ मध्ये ‘चांदोबा’ या नावाने मराठीत आले. सोलापुरासारख्या गावी याचा अर्थ काय, ते पाहावे. विणकराच्या मुलाच्या हातचा तेलुगू अंक आणि शेजारच्या मुलाचा मराठी अंक एकाच घडणीचे. लिपी निराळी, पण वेताळ तोच आणि विक्रमाची तलवारही तीच. एकमेकांचे अक्षर न वाचता येणाऱ्या दोन मुलांस एकच गोष्ट बोलता यावी, याहून मोठे काम आमच्या मते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने केलेले नाही. उणीव एवढीच की, ती गोष्ट बहुधा राजाराण्यांची असे. त्या दोघांच्या गल्लीची नसे.

आणि गल्लीत कथा थोड्या का आहेत? बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांची वचने कानडी. पण संक्रांतीस त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो, तेव्हा निरनिराळ्या जातींचे मानकरी नंदीध्वज पेलीत चालतात आणि गड्ड्याच्या जत्रेत सर्व भाषांची मुले पाळण्यात बसतात. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी गेलेले सोलापूरचे चौघे पाहा : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. चार नावे, चार निरनिराळी घरे. त्यांतील कुर्बान हुसेन तर ‘गझनफर’ हे मराठी पत्र चालवीत. येथेच १९१० साली जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले व १९४२ मध्ये तेथेच वारले. त्यांच्या मुलाचे नाव यिनहुआ, त्यातले एक अक्षर हिंदुस्थानाचे आणि दुसरे चीनचे. मुलाला नावाचा असा अर्थ सांगावा, आणि मग पुढची गोष्ट तोच विचारील.

अलीकडे मार्ग सुकर झाला आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने व २००४ साली निघालेल्या प्रथम बुक्सने एकच चित्रपुस्तक अनेक भाषांत, अल्प किमतीस देण्याचा प्रघात पाडला आहे. सोलापूरच्या या गोष्टींचे तसे पुस्तक करावयाचे तर चित्रे एकदाच काढावी लागतील, मजकूर तेवढा चार लिप्यांत जुळवावा लागेल. ‘चांदोबा’च्या छापखान्यात हे काम दरमहा होत असे, आणि तेही एक एक खिळा हाताने उचलून.