फी माफ, पण राहायचे कुठे?

गरीब मुलाच्या शिक्षणाला मदत म्हटले की आपल्यासमोर प्रथम फी उभी राहते. रमजानच्या दिवसांत ‘कुणाची फी भरायची राहिली आहे का?’ असे विचारत येणारे सज्जन आम्हां शिक्षकांना भेटतात. त्यांच्या नियतीविषयी शंका नाही. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलमुलुखाचा इतिहास वेगळेच सांगतो. येथे मुलाला शाळेपासून तोडले ते फीने कमी. अंतराने आणि पोटाने अधिक.

गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. गडचिरोलीहून भामरागडला जायचे तर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास वाट, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तीही बंद. चैत्रात मोहफुले, पुढे तेंदूपत्ता. त्या हंगामात लहान हातांनाही घरात किंमत असते. मूल शाळेत गेले की ती मजुरी बुडते. हा खर्च फीच्या पावतीवर कुठेच दिसत नाही.

थोडे मागे गेलो तरी हेच दिसते. राजुरा तालुका निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता; तो चांदा जिल्ह्यात आला १९५९ साली. त्या काळी राजुऱ्याच्या मुलाला उच्च शिक्षण हवे तर १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे, आणि चांद्याच्या मुलाला नागपूरकडे. नागपूर विद्यापीठ १९२३चे. राज्ये दोन, भाषा दोन, पण घर सोडणे दोघांनाही चुकत नव्हते. या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले ते २०११ साली.

ज्यांनी ही अडचण ओळखली, त्यांची मदत फळाला आली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्यात ज्यांनी धम्मदीक्षा दिली, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेच उदाहरण घ्या. केळूसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि सयाजीराव गायकवाडांनी कॉलेजच्या शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये दिले. १९१३ साली अमेरिकेला जाताना दरमहा साडेअकरा पौंड, तेही तीन वर्षांसाठी. ही एका वेळची खैरात नव्हती; महिन्याच्या महिन्याला मिळणारा आधार होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी शाळांबरोबर जातीजातींची बोर्डिंगे उभी केली. १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करून मुसलमान मुलांच्याही राहण्याची सोय केली. खेड्यातला मुलगा शहरात टिकायचा तर आधी त्याला छप्पर हवे, हे त्यांनी जाणले होते.

आपल्या जंगलातही हेच घडले. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाचे काम सुरू केले आणि १९७६ साली तेथे शाळा निघाली. ती निवासी होती. माडिया मुले तेथेच राहिली, जेवली आणि शिकली. माडिया समाजातला पहिला डॉक्टर याच शाळेतून पुढे आला.

सरकारलाही हे अगदीच कळले नव्हते असे नाही. १९९२ पासून राज्यात दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेच्या मुलींना हजर दिवसाला एक रुपया भत्ता मिळू लागला. रक्कम क्षुल्लक, पण विचार बरोबर. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालानंतर, २००८ साली अल्पसंख्याकांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आली. तिच्यात सहावी ते दहावीच्या मुलाला निर्वाहासाठी घरी राहत असेल तर महिना १०० रुपये आणि वसतिगृहात असेल तर ६०० रुपये धरले होते. घर सोडण्याची किंमत त्या आकड्यांतच लिहिलेली होती. २०२२ साली पहिली ते आठवीसाठी ही शिष्यवृत्ती बंद झाली. कारण दिले गेले ते असे की, शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच आहे. म्हणजे पुन्हा फीच पाहिली गेली. वही, कपडे, एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी यांचा हिशेब कुणी करायचा?

तो आता आपल्याला करावा लागेल. जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत फकीर आणि मिस्कीन यांच्यासोबत मुसाफिरही आहे. तालीमसाठी गाव सोडून आलेले गरीब मूल त्यात कोठे बसते, हे उलेमांनी सांगावे. आम्ही तो अधिकार घेत नाही. पण सदका आणि इमदाद यांना तर एवढीही अट नाही, आणि तेथे मूल कोणत्या धर्माचे हेही विचारण्याचे कारण नाही. मोहल्ल्यातल्या दहा घरांनी मिळून एका मुलाचे दहा महिन्यांचे राहणे-जेवणे उचलले, तर ते शंभर मुलांना एकेक दप्तर वाटण्यापेक्षा मोठे काम होईल. दप्तरवाटपाचा फोटो छान येतो हे खरे, पण दप्तर घेतलेले मूल मोहाच्या हंगामात वर्गात दिसत नाही.

म्हणून विनंती एवढीच, की मदतीचा हात पुढे करताना फी किती हे शेवटी विचारावे. आधी विचारावे : बाळा, घर किती लांब? मुक्काम कुठे? आणि रात्री जेवतोस कुठे?