वाढी-दिडी

आमच्या आजीला टक्केवारी कळत नसे, दिडी कळे. आषाढात कणगीचा तळ दिसू लागला की सावकाराच्या ओटीवर जायचं, चार पायल्या नाचणी आणायची आणि सुगीनंतर सहा पायल्या नेऊन घालायच्या. फारच ओळख असली तर सवाई, म्हणजे पाच. घेतानाचं नि फेडतानाचं माप सारखंच असायचं का, असं मी एकदा विचारलं. "माप त्याचंच, भरणारा हातबी त्याचाच," एवढंच ती म्हणाली. चार-पाच महिन्यांत पन्नास टक्के, हा हिशेब मी मांडला. तिला त्याचं काही वाटलं नाही. भात लावायला माणूस जगायला तर हवा!

सुप्याचा दंगा मी शाळेत वाचला. 12 मे 1875, बाजाराचा दिवस. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या भीमथडीतल्या कुणब्यांनी सावकारांची दुकानं फोडली, पण रोख होता कर्जाच्या खतांवर, वह्यांवर. 1859च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या खताचं आयुष्य तीन वर्षांचं केलं होतं. म्हणून सावकार दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घेई, आणि खाली अंगठा. त्यात अमेरिकेतलं युद्ध संपून कापसाचा भाव कोसळलेला, वर सारावाढ. मग खतं पेटली. चार वर्षांनी, 1879 साली, डेक्कन शेतकरी कायदा आला. कोर्टाला खतामागचा सगळा व्यवहार उकरायची मुभा मिळाली आणि कर्जापायी कुणब्याला तुरुंगात टाकणं बंद झालं.

"आपल्याकडं का नाही झाला दंगा?" मी थोरल्या चुलत्यांना, आबांना विचारलं.

"जाळणार काय? त्याचं डोस्कं?"

सावकाराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा असत, बाकी सगळं तोंडी. मला वाटतं, आबांनी एका वाक्यात मोठा इतिहास सांगितला. पूर्वेकडच्या काळ्या रानात कर्ज कागदावर चढलं, म्हणून ते जाळता आलं आणि पुढं कायद्यालाही वाचता आलं. आमचं, तोरणा गडाखालचं कर्ज मापात राहिलं. शिवाय नवा कायदा पुणे, सातारा, नगर, सोलापूर या इंग्रजी जिल्ह्यांसाठी होता. आमचा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानातला, प्रचंडगड तालुका. संस्थान विलीन झालं 1948 साली.

ही दिडी राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. 1676 साली शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या पत्रात नेमका तिचाच उल्लेख आहे. कुणब्याला बैल नाहीत तर बैलांना पैसे द्या, पोटाला धान्य द्या, आणि वाढी-दिडी न लावता नुसतं मुद्दल त्याला झेपेल तसं हळूहळू घ्या, असा त्याचा आशय. आमच्या ओटीपर्यंत ते पत्र काही पोचलं नाही.

दिडीचा जोर मोडला तो मुंबईच्या मनीऑर्डरनं. घरटी एक माणूस गिरणीत नाहीतर गोदीत. आजोबा मात्र तिकडं पठाण सावकाराच्या व्याजात अडकले, पगाराच्या दिवशी तो फाटकावरच उभा.

मग आणीबाणीत, 22 ऑगस्ट 1975 रोजी, राज्य सरकारनं वटहुकूम काढला. छोटे शेतकरी, मजूर, कारागीर यांची खासगी सावकारी कर्जं रद्द, गहाण वस्तू परत. आजीचे चांदीचे वाळे घरी आले. सरकारचं ती भरभरून कौतुक करायची, आणि लगेच पुढं जोडायची, "पर म्होरल्या आषाढात सावकारानं दारच लावून घेतलं."

आता गावात सोसायटी आहे, जिल्हा बँकेचं पीककर्ज आहे. 31 मार्चच्या आत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य. पण मार्चमध्ये एवढी रोकड कुणाकडं असते? भात कधीच विकून संपलेलं असतं. म्हणून माझा चुलतभाऊ गावातल्याच एकाकडून आठ-दहा दिवसांपुरते पैसे उचलतो, सोसायटीत भरतो, नवं कर्ज निघालं की त्याचे त्याला देतो. याला सगळे 'नवं-जुनं करणं' म्हणतात. सुप्याच्या सावकाराला हा व्यवहार लगेच समजला असता. त्या आठ-दहा दिवसांचं व्याज किती पडतं, ते भाऊ सांगत नाही. त्याचा कागदही नसतो.