मुंबईंतील सार्वजनिक शौचकूप



इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह हे आपल्यापुढें उभे राहतात. क्रमिक पुस्तकांनीं तशी संवयच लावून ठेवली आहे. परंतु मनुष्य कांहीं दिवसभर तह करीत नसतो. त्याला अन्न लागतें, पाणी लागतें, आणि अन्नपाण्यामागून जी गरज येते तिच्यासाठीं आडोसा लागतो. हा आडोसा शहरानें कोणाला दिला, कोणाला नाकारला, आणि तेथील घाण कोणाच्या डोक्यावर ठेवली, ह्याचाहि एक इतिहास आहे. विषय संकोचाचा आहे हें मी जाणतों. पण ज्या गोष्टीचें नांव घेण्यास सभ्य माणसें लाजतात, तिची व्यवस्था करण्यासहि तीं मागें राहतात. म्हणून आज थोडा संकोच बाजूस ठेवून मुंबई शहरांतील सार्वजनिक शौचकूपांविषयीं बोलण्याचें योजिलें आहे.

आमच्या जामनेरासारख्या गांवीं जुन्या काळीं हा प्रश्न प्रश्न म्हणून कोणास भासतच नव्हता. कांग नदीचा कांठ, गांवाबाहेरील बाभळी, पडीक रान. पुरुषांनीं तांब्या घेऊन एका दिशेस जावें, बायकांची गोदरी दुसऱ्या दिशेस असावी. 'बहिर्दिशेस जाणें' हा शब्दप्रयोगच सांगतो कीं ही क्रिया गांवाबाहेरची. ह्या व्यवस्थेंत सुख होतें असें मात्र कोणी समजूं नये. बायकांना पहाटेच्या नाहीं तर सायंकाळच्या अंधाराची वाट पाहावी लागे. पावसाळ्यांत साप-विंचवांचें भय असे. आणि वाटेनें कोणी पुरुष येतांना दिसला कीं अर्ध्यावरून उठून उभें राहावें लागे. तरी पण गांवाला निदान 'बाहेर' होतें. शहर वाढतां वाढतां ज्या दिवशीं त्याला बहिर्दिशाच उरत नाहीं, त्या दिवशीं हा प्रश्न नगरपालिकेच्या दारांत येऊन बसतो.

मुंबईवर हा प्रसंग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत कापसाचा भाव चढला, आणि आपल्या खानदेशच्या कापसालाहि मुंबईच्या बाजारांत मोल आलें. पैशामागोमाग माणसें आलीं. १८६४ सालच्या गणतींत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८६० सालीं विहार तलावाचें पाणी नळानें शहरांत आलें होतें. परंतु पाणी शहरांत आणणें ही एक गोष्ट, आणि वापरलेलें पाणी शहराबाहेर नेणें ही अगदीं निराळी. पहिलीचें श्रेय घेण्यास पुष्कळ असतात, दुसरीच्या वेळीं सगळे एकमेकांकडे पाहतात. १८६५ सालीं आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाले; त्यांच्या व आरोग्याधिकारी डॉक्टर ह्यूलेट ह्यांच्या कारकीर्दींत साफसफाईला कांहीं वळण लागलें. पण शौचकूपांची मूळ पद्धति बदलली नाहीं. ती पद्धति म्हणजे टोपलीचा संडास.

आजच्या तरुण श्रोत्यांनीं हा प्रकार पाहिला नसेल, म्हणून थोडें सांगतों. बसण्याच्या जागेखालीं टोपली किंवा डबा ठेवलेला असे, आणि त्याला मागल्या अंगानें एक लहानसें दार असे. त्या दाराशीं जाण्याकरितां दोन इमारतींच्या पाठींमध्यें एक अरुंद बोळ सोडीत. मुंबईकर तिला घरगल्ली म्हणतात. बारीकशा उजेडांत सफाई कामगारांनीं, त्यांत स्त्रियाच फार, ह्या बोळांतून शिरावें, टोपली उपसावी, डोक्यावर घ्यावी आणि गाडीपर्यंत न्यावी. घराच्या पुढच्या दारीं रांगोळी असे. मागल्या दारीं हा प्रकार असे. आणि पुढच्या दारच्या माणसानें मागल्या दारच्या माणसाचें तोंडहि पाहूं नये अशी बांधकामाची रचना असे. ह्या कामाकरितां पालिका जो कर घेई त्याचें कायद्यांतील नांवच 'हलालखोर कर' असें होतें. जातीव्यवस्था केवळ पोथ्यांत नसते, ती विटा-चुन्यांतहि बांधतां येते, ह्याचें मला तरी ह्याहून स्पष्ट उदाहरण ठाऊक नाहीं. टोपल्या गेल्या, पण जुन्या मुंबईंत त्या घरगल्ल्या अजून आहेत, आणि त्यांत वरच्या मजल्यांवरून कचरा टाकण्याची चालहि आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉक्टर अकाशियो व्हिएगस ह्यांना प्लेगचा रोगी आढळला, आणि शहराची झोंप उडाली. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो, शौचकूपांमुळें नव्हे. परंतु त्या भीतीनें सरकारचें लक्ष दाट वस्तीकडे गेलें, आणि १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद झाले, चाळी उठल्या. पुढें १९२० च्या सुमारास डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी येथें मिळून २०७ चाळी बांधल्या. एकेका चाळींत ८० खोल्या, प्रत्येक मजल्यावर २०, आणि त्या विसांत मिळून समाईक शौचकूप. चाळीच्या जीवनावर मराठींत विनोदी लेखन पुष्कळ झालें आहे, आणि सकाळची बादली-रांग त्यांत हमखास येते. हसण्याजोगी ती आहेच. पण त्या रांगेंत एखादी गरोदर बाई किंवा पोट बिघडलेला म्हातारा उभा असे तेव्हां तो विनोद कोणाला सुचत असेल असें वाटत नाहीं.

प्रवाशांची कथा ह्याहून मौजेची. बोरीबंदर ते ठाणें ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली. त्यानंतर अर्धें शतक उलटून गेलें तरी खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचाची सोय नव्हती. गाडी थांबेल तेथें उतरून आडोसा गांठावा लागे. १९०९ सालीं बंगालकडील ओखिलचंद्र सेन नांवाच्या एका प्रवाशानें रेल्वेच्या अधिकाऱ्यांस एक तक्रारअर्ज लिहिला. फणस खाऊन पोट फुगलें होतें, म्हणून तो अहमदपूर स्टेशनावर उतरला. इतक्यांत गार्डानें शिटी दिली, आणि एका हातांत तांब्या व दुसऱ्या हातांत धोतर धरून धांवतांना तो बिचारा फलाटावर सर्वांसमक्ष पडला. गाडी निघून गेली ती गेलीच. हें पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत जपून ठेविलेलें आहे, आणि त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीला लोक हसतात. मला त्या इंग्रजीचें कौतुक वाटतें. ज्या गोष्टीबद्दल लक्षावधि प्रवासी मुकाट्यानें सोसत होते, ती कागदावर लिहून साहेबापुढें ठेवण्याचें धैर्य त्या एकानें दाखविलें. डब्यांतील शौचकूप ह्या पत्रामुळेंच झाले असें म्हणतात. एका पत्रानें एवढें होत नसतें, पण सुरुवात कोठून तरी व्हावी लागते.

घाण उचलणाऱ्याच्या बाजूनें ह्या प्रश्नाकडे पाहणारे लोक महाराष्ट्रांत निघाले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. गाडगेमहाराजांचा खराटा सर्वांना ठाऊक आहे. अप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट मात्र नव्या पिढीला फारशी माहीत नसते. कायदेभंगाच्या चळवळींत रत्नागिरीच्या तुरुंगांत असतांना त्यांनीं भंगीकाम मागितलें. वरिष्ठ जातीच्या कैद्याला तें काम देतां येत नाहीं, असें उत्तर मिळालें. अप्पांनीं अन्न कमी केलें. येरवड्यास असलेल्या गांधीजींना हें कळतांच त्यांनीं १९३२ च्या डिसेंबरांत अप्पांना पाठिंबा म्हणून उपवास आरंभिला, आणि सरकारनें विचार करण्याचें कबूल केल्यावर तो सोडला. संडास साफ करण्याचा हक्क मिळावा म्हणून उपवास! जगाच्या इतिहासांत असा दुसरा दाखला असेल काय? चारच वर्षांनीं, १९३६ च्या डिसेंबरांत, आपल्या फैजपुरास राष्ट्रसभेचें खेड्यांतील पहिलें अधिवेशन भरलें, तेव्हां तेथील सफाईचें काम स्वयंसेवकांनीं अंगावर घेतलें होतें. अप्पासाहेबांनीं पुढें कणकवलीस गोपुरी आश्रम काढून मैल्याला हात न लावतां त्याचें खत होईल अशा संडासाचे प्रयोग केले. कायदा मात्र फार सावकाश आला. मैला वाहण्याच्या कामावर माणसें नेमण्यास बंदी करणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा अधिक व्यापक २०१३ चा; आणि तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवरून काम वांटणारीं कलमें सर्वोच्च न्यायालयानें घटनाबाह्य ठरविलीं तीं ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं. अप्पांच्या अर्जाला लागलेला हा काळ हिशेबून पाहावा.

आतां पैशाची बाजू. रोमचा बादशहा व्हेस्पाशियन ह्यानें मुताऱ्यांतून गोळा होणाऱ्या मूत्रावर कर बसविला. मुलानें नाक मुरडलें तेव्हां त्यानें नाणें त्याच्या नाकाशीं धरून, वास येतो काय, असें विचारल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. लंडनला १८५१ च्या महाप्रदर्शनांत जॉर्ज जेनिंग्ज नामक कारागिरानें एक पेनी आकार घेऊन शौचकूप चालविले, आणि ८,२७,२८० लोकांनीं ती पेनी दिली. आपल्याकडे ही कल्पना रुजविली बिंदेश्वर पाठक ह्यांनीं. १९७० सालीं त्यांनीं सुलभ संस्था स्थापन केली आणि १९७४ सालीं पाटण्यास ४८ बैठकांचा, पैसे देऊन वापरावयाचा शौचकूप उघडला. फुकट व गलिच्छ ह्यापेक्षां अल्प मोलाचा व स्वच्छ बरा, हा त्यांचा विचार लोकांना पटला, आणि 'सुलभ' हा शब्द आज सामान्य नामासारखा रूढ झाला आहे.

परंतु ह्या पद्धतींत एक खोंच राहिली, आणि ती अनेक वर्षें कोणाच्या लक्षांत आली नाहीं. अथवा ज्यांच्या लक्षांत रोज येत होती त्यांना विचारण्यांत आलें नाहीं. पुरुषांची मुतारी फुकट असते. बायकांकरितां निराळी मुतारी बहुधा नसतेच. लघवीला जावयाचें तरी त्यांनीं शौचकूपांत जावें आणि पहाऱ्यावरील माणसानें पैसे मागावे. म्हणजे एकाच गरजेला पुरुषास मोल नाहीं, स्त्रीस आहे. पगारदार बाईला त्या दोन-पांच रुपयांचें कांहीं वाटणार नाहीं. पण टोपली घेऊन रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवालीनें दिवसांतून तीनदां ते द्यावे, तर तिच्या नफ्यांतून काय उरेल? शिवाय टोपली सांभाळील कोण? मग ती बाई एकच उपाय करते: पाणी पीत नाहीं. उन्हांत दिवसभर तहान मारणें आणि लघवी कोंडून धरणें ह्यांचा परिणाम काय होतो, तें कोणीहि वैद्य सांगेल. मूत्रमार्गाचे विकार हे त्या संकोचाचें व्याज आहे.

मी ज्या शाळांतून शिकविलें त्यांपैकीं एकींत मुलींसाठीं आडोसा म्हणून चार पत्रे होते, व वाऱ्यानें त्यांतला एक गेला तो परत आला नाहीं. मधल्या सुटींत मोठ्या मुली घरीं जात, आणि दुपारच्या हजेरींत त्यांच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण पडे. प्रगतिपुस्तकावर 'अनियमित' असा शेरा जाई. सर्व शाळांतून मुलामुलींकरितां निरनिराळीं स्वच्छतागृहें सहा महिन्यांच्या आंत करावींत, असा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम झाला तो २०१२ च्या ऑक्टोबरांत.

मुंबईंत २०११ सालीं कोरो आणि इतर अनेक संस्थांच्या कार्यकर्त्या स्त्रियांनीं ह्या प्रश्नावर मोहीम उघडली. इंग्रजींत तिला 'राइट टु पी' असें रोखठोक नांव पडलें. नांवानें कानांवर हात ठेवणारे निघालेच. त्यांनीं लंडनचा इतिहास वाचावा. सुप्रसिद्ध नाटककार बर्नार्ड शॉ हे १८९७ पासून सेंट पॅन्क्रास विभागाच्या स्थानिक मंडळाचे सभासद होते. कॅमडेन भागांत बायकांसाठीं शौचकूप असावा असा आग्रह त्यांनीं धरला, तेव्हां विषयच अमंगळ म्हणून सभ्य गृहस्थांनीं विरोध केला. मुंबईच्या ह्या बायकांनीं निवेदनें केलीं, स्टेशनांबाहेरील मुताऱ्या स्वतः जाऊन पाहिल्या, सह्या गोळा केल्या. मागणी एवढीच कीं स्त्रियांनाहि फुकट, स्वच्छ व सुरक्षित मुतारी हवी. २०१५ सालीं पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं रस्त्यांवर वावरणाऱ्या स्त्रियांसाठीं स्वच्छतागृहें पुरविणें हें महानगरपालिकांचें कर्तव्य असून तो घटनेंतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. निर्णय झाला म्हणजे बांधकाम झालें असें नव्हे. स्वच्छ भारत योजनेंत वस्तीच्या समाईक शौचकूपांसाठीं ३५ पुरुषांमागें एक आणि २५ स्त्रियांमागें एक बैठक असें प्रमाण धरलेलें आहे. कागदावर स्त्रियांचा वांटा अधिक आहे ही समाधानाची गोष्ट. पण जागेवर पुरुषांच्या बाजूस बैठकांखेरीज मुताऱ्यांची रांग असते, ती मोजली म्हणजे पारडें पुनः पालटतें.

आमच्या तालुक्यांतून मुंबईस औषधोपचारासाठीं जाणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. रात्रीच्या गाडीनें निघावयाचें असलें कीं घरांतल्या बायका दुपारपासूनच चहा-पाणी तोडतात, हें आजहि घरोघर चालतें. पुरुषानें परक्या शहरांत कोणालाहि 'मुतारी कोठें आहे' असें विचारावें. बाईनें विचारावें कोणाला? २०१६ सालापासून, प्रथम दिल्लीकडे व मग इतरत्र, भ्रमणध्वनीच्या नकाशावर जवळचें सार्वजनिक शौचालय दिसूं लागलें आहे, आणि माझी सून ती युक्ति वापरते. नकाशा अंतर सांगतो, दिशा सांगतो. दाराला कुलूप आहे काय, आंत पाणी आहे काय, आणि दिवा लागतो काय, हें मात्र तेथें जाऊनच पाहावें लागतें.